फाडलेला कागद आणि डस्ट मॅन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी चित्रकलेचा शिक्षक. तेहतीस वर्षं एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत नोकरी केली आणि निवृत्त झालो. या काळात मुलांचे किती कागद हाताखालून गेले असतील, त्याची गणती नाही. त्यातले बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही, कारण तो मी फाडला होता.

साल १९९१ असावं. एलिमेंटरी परीक्षेचे सराव वर्ग चालू होते. त्या दिवशी स्मरणचित्राचा विषय दिला होता, 'आठवड्याचा बाजार'. सगळी मुलं भाजीवाल्या, टोपल्या, तराजू काढत बसली होती. आठवीतला एक मुलगा मात्र कागदावर वाकून भलतंच काहीतरी काढत होता. जवळ जाऊन पाहिलं, तर एक माणूस. डोक्याच्या जागी प्रेशर कुकर, हातांच्या जागी कुकरच्या मुठी, पोटात पेटलेला स्टो. मी विचारलं, "परीक्षेत हे काढणार आहेस का?" तो काही बोलला नाही. मी कागद उचलला, फाडला आणि दुसरा दिला. त्याने तुकडे गोळा करून खिशात घातले आणि निमूटपणे टोपली काढायला घेतली.

त्या वेळी मला यात काहीच गैर वाटलं नाही. परीक्षा तोंडावर आली होती, कागद शाळेचा होता. शिवाय कुकरचं डोकं असलेल्या माणसाचा जगात कुणाला काय उपयोग, असा माझा रोकडा विचार होता.

आता गोष्ट माझ्या नातीची. ती नववीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती. एके दिवशी सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, "आबा, मला एका गेमच्या स्पर्धेत भाग घ्यायचाय. त्यांना नवीन पात्र हवंय. तुम्ही चित्रकलेचे सर ना, मग मदत करा." मी म्हटलं, "दहावीचं वर्ष येतंय, त्याचं काय?" हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी आपोआपच येतं. पण ती हटली नाही.

तिच्याकडूनच मला कळलं की व्हिडिओ गेमच्या जगात चित्रांच्या स्पर्धा साधारण दोन प्रकारच्या असतात. एकीत गेममधलं आपल्या आवडीचं पात्र आपल्या पद्धतीने काढायचं. त्याला मुलं 'फॅन आर्ट' म्हणतात, म्हणजे चाहत्याने काढलेलं चित्र. दुसरीत पात्रच नवीन घडवायचं. ते कसं दिसतं, काय करतं, कशाने लढतं, सगळं आपण ठरवायचं. निवडलं गेलं तर ते खरोखरच त्या गेममध्ये येतं. मी म्हटलं, "लहान मुलांची चित्रं कुठली कंपनी घेणार? ही नुसती जाहिरातबाजी." त्यावर तिने मला एका जपानी मुलाची गोष्ट सांगितली. मी ती नंतर माझ्या परीने पडताळून पाहिली. ती खरी आहे, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

जपानमधल्या ओसाका शहरात कॅपकॉम नावाची गेम बनवणारी कंपनी आहे. तिने १९८७च्या डिसेंबरात 'रॉकमन' नावाचा गेम बाजारात आणला. जपानबाहेर तो 'मेगा मॅन' या नावाने ओळखला जातो. टीव्हीला जोडायच्या यंत्रात कॅसेट घालून खेळायचा तो जमाना. रॉकमन हा निळ्या चिलखतातला छोटा यंत्रमानव. त्याने एकेक टप्पा पार करत जायचं आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी बसलेल्या एका मोठ्या यंत्रमानवाशी लढायचं. या मोठ्या शत्रूला मुलं 'बॉस' म्हणतात.

यातली गंमत अशी, की बॉसला हरवलं की त्याचं शस्त्र रॉकमनला मिळतं. आणि प्रत्येक बॉस दुसऱ्या कुठल्या तरी बॉसच्या शस्त्रापुढे कच्चा असतो. दगड, कागद, कात्री हा हातांचा खेळ आपल्याकडेही मुलं खेळतात. दगड कात्रीला भारी, कात्री कागदाला भारी, कागद दगडाला भारी. रॉकमनच्या मुळाशी हीच कल्पना आहे. कोण कुणाला भारी हे शोधून काढायचं आणि त्या क्रमाने लढायचं.

पहिल्या गेममध्ये असे सहा बॉस होते आणि ते कंपनीच्या माणसांनीच बनवले होते. दुसऱ्याच्या वेळी कंपनीने एक वेगळी गोष्ट केली. पुढचे बॉस तुम्ही सुचवा, असं तिने मुलांनाच सांगितलं. टपालाने ८,३७० चित्रं आली. त्यांतून आठ निवडली गेली आणि १९८८च्या डिसेंबरात 'रॉकमन २' निघाला. खेळ संपवला की शेवटी पडद्यावर एकेक बॉस येतो आणि त्याच्याबरोबर तो सुचवणाऱ्या मुलाचं नाव येतं.

पुढे दर भागाला हा परिपाठच झाला. १९९०च्या तिसऱ्या भागासाठी पन्नास हजारांवर चित्रं आली, १९९१च्या चौथ्यासाठी सत्तर हजारांवर, १९९२च्या पाचव्यासाठी एक लाख तीस हजारांवर आणि १९९३च्या सहाव्यासाठी दोन लाखांच्या वर. सहाव्या भागाच्या वेळी उत्तर अमेरिकेतल्या मुलांकडूनही चित्रं मागवली होती. निवडलेल्या आठांपैकी दोन बॉस तिकडचे आहेत. एक चिलखत घातलेला सरदार, दुसरा वाऱ्याचा.

शिक्षकाच्या सवयीने मी हिशेब मांडला. दुसऱ्या भागाच्या वेळी साधारण हजारात एकाचा नंबर लागला. सहाव्याच्या वेळी पंचवीस हजारांत एकाचा. आमच्या अख्ख्या तालुक्यातल्या शाळांची सगळी मुलं एकत्र केली तरी त्यांत एकाचाच नंबर लागेल, असं हे प्रमाण. मग एवढी लाखो मुलं कशासाठी चित्रं पाठवत होती? हा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याचं उत्तर मला पुढे नातीनेच दिलं. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी त्या मुलाबद्दल. चौथ्या भागाच्या स्पर्धेत बारा वर्षांच्या एका मुलाचं चित्र निवडलं गेलं. मुलाचं नाव युसुके मुराता. त्याच्या पात्राचं नाव डस्ट मॅन, म्हणजे कचरामानव. हा बॉस म्हणजे चालताबोलता व्हॅक्यूम क्लीनर, धूळ ओढून घेणारं यंत्र. तो समोरच्याला स्वतःकडे ओढून घेतो आणि आतला कचरा गोळा करून फेकून मारतो. त्याला हरवलं की रॉकमनलाही कचऱ्याचा गोळा फेकता येतो. तो गोळा आपटला की त्याचे तुकडे चारी दिशांना उडतात. पुढच्याच वर्षी पाचव्या भागासाठी याच मुलाचं आणखी एक पात्र निवडलं गेलं, क्रिस्टल मॅन, स्फटिकाचे गोळे फेकणारा.

हाच मुलगा मोठा होऊन जपानमधला नावाजलेला व्यंगकथा-चित्रकार झाला. २००२ ते २००९ या काळात त्याने 'आयशील्ड २१' या अमेरिकन फुटबॉलवरच्या चित्रकथेची चित्रं काढली. कथा दुसऱ्या लेखकाची होती. त्यानंतर २०१२पासून 'वन पंच मॅन'. आपल्याकडची कॉलेजची मुलंसुद्धा ही मालिका आवडीने पाहतात आणि वाचतात. 'वन पंच मॅन'ची कूळकथा मोठी मजेदार आहे. 'वन' या टोपणनावाच्या एका लेखकाने २००९ साली ती इंटरनेटवर स्वतःच काढायला सुरुवात केली. त्याची चित्रं अगदी ओबडधोबड होती, पण कल्पना अफलातून होती. मुराताने ती कथा नव्याने, सफाईदार चित्रांत काढली.

मला इथे एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखं वाटतं. मुराता बारा वर्षांचा असताना त्याचं कच्चं चित्र कंपनीच्या चित्रकारांनी खेळाला साजेसं करून पुन्हा काढलं. मोठा झाल्यावर त्याने दुसऱ्या कुणाचं तरी कच्चं चित्र तितक्याच प्रेमाने पुन्हा काढलं. हात कच्चा असला तरी आतली कल्पना पक्की असू शकते, हे त्याला लहानपणीच कळलं असेल का?

श्रोतेहो, नातीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. बारा वर्षांचा मुलगा. साल १९९१च्या आसपासचं. घरातलं एक यंत्र उचलून त्याचा माणूस केलेला. मला माझा कुकरचं डोकं असलेला माणूस आठवला. एका मुलाचं चित्र सत्तर हजारांतून निवडलं गेलं आणि दुसऱ्याचं मी फाडलं. माझा विद्यार्थी मुराता झाला असता, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण निदान तो कागद कुणीतरी नीट पाहायला हवा होता, आणि ते काम माझं होतं.

मग मी नातीला म्हटलं, "बस. दाखव तुझं पात्र."

तिने जे काढलं होतं ते पाहून मला हसू आलं. मोठे पंख, हातात दोन तलवारी, पाठीवर साखळदंड, डोळ्यांत आग, कपाळावर रत्न, पायात चिलखती बूट. रेषा सुंदर होती, छायाप्रकाशही ठीक होता. मी विचारलं, "हा करतो काय?" ती म्हणाली, "सगळंच करतो." मी विचारलं, "मग हरतो कसा?" ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे मी ठरवलंच नाही."

आम्ही दोघांनी मिळून रॉकमनचे ते जुने बॉस एकेक करून पाहिले. मला तर तो एक वर्गच वाटला. दुसऱ्या भागातल्या हीट मॅनचा आकार सिगरेट लायटरसारखा. एअर मॅनला वेगळं डोकंच नाही, अंगातच एक मोठा पंखा. तिसऱ्या भागात टॉप मॅन, म्हणजे आपला भोवराच. चौथ्या भागात ब्राइट मॅनच्या डोक्यावर विजेचा दिवा, आणि टोड मॅन हा बेडूक. आता बेडकाचं शस्त्र काय असावं? पाऊस! बेडूक ओरडला की पाऊस येतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाचव्यात चार्ज मॅन, वाफेच्या इंजिनासारखा दिसणारा, धडक मारणारा. पाहिल्याबरोबर प्रत्येकाचं नाव सांगता येतं, आणि नाव कळलं की तो काय करणार तेही कळतं. लाखभर चित्रांच्या ढिगातून हेच का वर आले, ते मला तेव्हा उमगलं.

यामागे एक यांत्रिक कारणही आहे. त्या काळच्या यंत्रात चित्र ठिपक्यांचं बनत असे. रॉकमनची अख्खी आकृती जेमतेम पंचवीस ठिपके उंच. हलणाऱ्या आकृतीच्या एकेका तुकड्याला तीनच रंग मिळत. त्या यंत्रात निळ्याच्या छटा जास्त होत्या म्हणून रॉकमन निळा झाला, असं सांगतात. एवढ्याशा जागेत पंख, तलवारी आणि कपाळावरचं रत्न कुठे मावणार? तिथे एकच गोष्ट मावते. म्हणून ती एकच गोष्ट नेमकी हवी. आज पडद्यावर लाखो रंग दिसतात, पण नेमकेपणाची ही गरज काही संपलेली नाही. खेळणाऱ्याला धावता धावता, पापणी लवायच्या आत ओळखावं लागतं, समोर कोण आलाय आणि तो काय करणार आहे.

मी आयुष्यभर मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी तयार केलं. त्या परीक्षांना मी मुळीच नावं ठेवणार नाही. त्यांनी महाराष्ट्रातल्या हजारो मुलांच्या हाताला वळण लावलं. पण परीक्षा विचारते, समोर दिसतं तसं काढता येतं का? पाहिलेलं आठवून काढता येतं का? ही स्पर्धा वेगळाच प्रश्न विचारते. जे जगात नाहीच ते असतं, तर कसं वागलं असतं? आणि त्याच्याशी खेळताना दुसऱ्याला मजा आली असती का? म्हणजे चित्र काढणाऱ्याने स्वतःला विसरून खेळणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. हे मी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण मलाच कुणी शिकवलं नव्हतं.

मग आम्ही तीन प्रश्न कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. हा कोण? हा काय करतो? हा कसा हरतो? नातीने पंख आणि तलवारी बाजूला ठेवल्या. दोन दिवस ती घरात नुसती हिंडत होती. पंखा पाहा, चूल पाहा, रहाट पाहा. तिसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस आला. शेजारचे गृहस्थ छत्री घेऊन फाटकातून आत येत होते. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि त्यांची छत्री फटकन उलटी झाली. नात ओरडली, "आबा, सापडला!"

तिने छत्रीवाला काढला. उंच, काळा, काटकुळा, मिटलेल्या छत्रीसारखा. पाय एकच, टोकदार. डोकं मुठीसारखं वाकलेलं. चिडला की छत्री उघडते. मग समोरून काही मारलं तरी ते घरंगळून जातं. छत्री फिरवून तो पाण्याचे थेंब गोळ्यांसारखे उडवतो. हरतो कसा? खालून वारा दिला की छत्री उलटी होते, काड्या बाहेर येतात, आणि तो बिचारा तिला सरळ करत बसतो. तेवढ्यात त्याला गाठायचं. तिने हे सांगितलं तेव्हा मी हसलो आणि मला त्या छत्रीवाल्याची थोडी दयाही आली. मी म्हटलं, "झालं! शत्रूची दया आली म्हणजे पात्र जमलं."

त्या एका पात्रासाठी तिने सत्तावीस रेखाटनं केली. मी तिला माझ्या जुन्या गुरुजींनी शिकवलेली एक युक्ती सांगितली. चित्र पूर्ण काळ्या शाईने भरून टाकायचं आणि लांबून पाहायचं. नुसत्या सावलीवरून ओळखू आलं तर आकार पक्का. पहिल्या सावलीत छत्रीवाला विजेच्या खांबासारखा दिसला. पाचवीत वटवाघळासारखा. अकरावीत कुठे तो छत्रीसारखा दिसू लागला. मग समोरून, बाजूने, पाठमोरा, उघडलेला, मिटलेला आणि उलटा झालेला, असे सहा आकार एका कागदावर. अशा कागदाला त्या क्षेत्रातले लोक 'कॅरेक्टर शीट' म्हणतात. दुसऱ्या कुणी हे पात्र हाताळायचं असेल तर त्याला हा कागद पुरायला हवा. म्हणजे इथेही आपण दुसऱ्यासाठीच काढतो.

चित्र पाठवायच्या आधी मी चष्मा लावून स्पर्धेचे नियम वाचले. पालकांना मी हे कळकळीने सांगेन की मुलं चित्र बघतात, नियम आपण बघायचे. त्या स्पर्धेच्या नियमांत एक कलम असं होतं की आलेल्या प्रत्येक चित्राचे हक्क आयोजकांकडे जातील. निवडलेल्या नव्हे, प्रत्येक! म्हणजे हरलेल्या मुलाचा छत्रीवालाही त्यांचा. उद्या त्यांनी तो वापरला तर पैसे नाहीत, नावही नाही. मला हे खटकलं. मी नातीला म्हटलं, "नको पाठवू." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आबा, वहीत ठेवला तर तो माझा राहील, पण त्याच्याशी कुणी खेळणारच नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी असं ठरलं, की या वेळी पाठवायचं, पण डोळे उघडे ठेवून. सगळी रेखाटनं तारखा घालून घरी जपून ठेवायची. पुढच्या वेळी ज्या स्पर्धेत हक्क फक्त निवडलेल्या चित्राचे घेतात आणि नाव देतात, तीच निवडायची. ती वयाने लहान, म्हणून पालकांची संमती लागत होती. तिच्या आईने सही केली.

या व्यवहारात चांगली उदाहरणंही आहेत. 'टीम फोर्ट्रेस २' या गेमसाठी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २०१०मध्ये हौशी कलाकारांनी बनवलेल्या टोप्या आणि शस्त्रं स्पर्धेतून निवडली आणि विक्रीतला चौथा हिस्सा त्यांना दिला. पहिल्या पाच जणांना दोनच आठवड्यांत प्रत्येकी ३९ ते ४७ हजार डॉलर मिळाले. उलट उदाहरण पुन्हा कॅपकॉमचंच. 'मेगा मॅन लेजंड्स ३' हा गेम चाहत्यांना सोबत घेऊन बनवायचा, असं कंपनीने २०१०मध्ये जाहीर केलं. नायिकेचं रूप मतदानाने ठरवलं, यंत्रांचे आराखडे चाहत्यांकडून मागवले. लोकांनी जीव ओतला. आणि जुलै २०११मध्ये तो गेमच रद्द झाला. ज्यांची चित्रं निवडली गेली, त्यांनाही खेळायला गेम मिळाला नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने या दोन्ही गोष्टी ठाऊक ठेवूनच उतरावं.

आमचा निकाल दोन महिन्यांनी लागला. छत्रीवाला निवडला गेला नाही. उत्तेजनार्थ नाही, उल्लेखसुद्धा नाही. नात दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी तिला फोनवर समजूत घालायच्या तयारीने म्हटलं, "अगं, पंचवीस हजारांत एकाचा..." ती मध्येच म्हणाली, "आबा, ते जाऊ दे. ज्याचा पहिला नंबर आला ना, त्याचं पात्र पाहिलंत का? तो हरतो कसा, ते त्याने किती छान दाखवलंय!" आणि पुढचा अर्धा तास ती मला त्या विजेत्या पात्राचं रसग्रहण ऐकवत होती. आकार कसा, रंग दोनच कसे, कच्ची बाजू चित्रातच कशी दिसते.

लाखो मुलं चित्रं का पाठवतात, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फोनवर मिळालं. ज्याने स्वतः एक पात्र शेवटापर्यंत नेलं आहे, त्याची नजर बदलते. आधी ती गेम नुसता खेळायची. आता तो कसा बनलाय ते पाहते. आधी दुसऱ्याचं चित्र चांगलं किंवा वाईट असायचं. आता ते का चांगलं, हे तिला सांगता येतं. बक्षीस आठ जणांनाच मिळतं, पण अशी नजर सगळ्यांना मिळू शकते. अट एकच, चित्र अर्धवट सोडायचं नाही. तारीख असते म्हणून ते पूर्ण होतं, आणि पलीकडे कुणीतरी ते पाहणार असतं म्हणून मन लावून होतं. वहीतल्या शेवटच्या पानावरची चित्रं सहसा अर्धीच राहतात, हे मी तेहतीस वर्षं पाहिलं आहे.

यातून पोट भरतं का, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्तच आहे. ज्या मुलाला या वाटेने जायचं आहे, त्याला आता आपल्याकडेही दारं आहेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२०मध्ये 'राजी' हा गेम काढला. भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी त्याची नायिका आहे, आणि तो जगभर खेळला गेला. पण प्रत्येक मुलाने हे करावं, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक मुलाच्या कागदाकडे फाडण्याआधी एकदा पाहावं, एवढंच म्हणेन.

आता शेवटचं. गेल्या दिवाळीत मी त्या जुन्या गावी गेलो होतो. तो कुकरवाला विद्यार्थी आता पन्नाशीकडे झुकलाय. बाजारपेठेत त्याचं किराणा दुकान आहे. मला पाहून गल्ल्यावरून उठला, पाया पडला, चहा मागवला. मी चाचरत त्याला तो प्रसंग सांगितला आणि म्हटलं, "माझं चुकलं रे." तो खळखळून हसला. म्हणाला, "सर, मला तर काहीच आठवत नाही. तुम्ही किती तरी जणांचे कागद फाडायचा!"

मला जरा हलकं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. निघताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण समजा, असा कुकरचं डोकं असलेला माणूस आहे. तो हरेल कसा?" गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तरीही तो वजनाचं माप हातात धरून क्षणभर थांबला. त्याचा चेहरा एकदम आठवीतल्या मुलासारखा झाला. म्हणाला, "सोपं आहे सर. अंगात वाफ भरली की तो आवरायचा नाही. तेव्हा समोरून जायचंच नाही. उडी मारून डोक्यावर जायचं आणि शिट्टी उचलायची. फुस्स!"

मी घरी येऊन नातीला फोन केला. तिने विचारलं, "आबा, त्या काकांना विचारा ना, मी काढू का तो?" मी विचारलं. तो हो म्हणाला. फक्त एवढंच म्हणाला, की चित्राखाली माझंही नाव घालायला सांगा.